सत्त्याऐंशी नंबरची पुडी

जयनगरच्या घराचं कुलूप उघडायला आज मला पाऊण तास लागला. माझी वाढवून सांगायची सवय ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पाच मिनिटं धरावीत. पण येलहंक्याहून बस, मग दुसरी बस, मग रिक्षा असं करत आलेल्या साठीच्या बाईला दारात उभं राहून चावीशी झटताना पाच मिनिटंही पाऊण तासच वाटतात. शेवटी चावी फिरली, कुलूप कण्हलं, मीही कण्हले. दोघांचंही तेल संपलेलं.

काम छोटंसं होतं. संध्याकाळी चार वाजता बिल्डरचा माणूस चावी न्यायला येणार होता. त्याआधी स्वयंपाकघराच्या माळ्यावर राहिलेले चार डबे खाली काढायचे, कामाचं असेल ते घ्यायचं, बाकीचं तिथेच सोडायचं. माझा नवरा सुधीर महिन्यातून चार वाक्यं बोलतो. त्यातलं या महिन्याचं तिसरं त्याने सकाळी खर्च केलं: "काही आणू नकोस, इथे जागा नाही."

आणायचा प्रश्नच नव्हता. मी टाकायला आले होते. माझ्या खांद्याला एक कापडी पिशवी होती आणि तिच्यात तीनशे बारा चिठ्ठ्या. खरं तर तीनशे अकरा. त्या एका चिठ्ठीचीच ही गोष्ट. पंचवीस वर्षं या चिठ्ठ्यांचं पुस्तक करीन म्हणत मी त्या तीन घरांतून वाहिल्या. गेल्या आठवड्यात एका दुपारी पलंगावर आडवी पडले असताना ठरवलं, बास. आता होत नाही. घर पाडल्यावर जो ढीग उचलून नेतील त्यातच हेही जाऊ दे. घराचं घरात.

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि वास आला. सामान काढून दीड महिना झालाय, गॅस नाही, ओट्यावर एक मोहरीचा दाणा नाही. तरी हिंग, ओली माती आणि उकडलेल्या अवरेच्या, म्हणजे इथल्या पावट्याच्या शेंगा, असा तिहेरी वास भिंतीत मुरून बसलेला. रंगाऱ्याने दर खेपेला तोच रंग दिला असणार, वासासकट.

त्या काळी या घरात आम्ही चार माणसं, एकशे अकरा झाडं आणि एक प्रबंध असे राहत होतो. माणसांत मी, सुधीर, दोन वर्षांची मुक्ता आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना सगळा क्रॉस अक्का म्हणायचा (इथे गल्लीला क्रॉस म्हणतात), म्हणून मीही अक्काच म्हणायचे. मी नागपूरची. अक्कांचं घराणं मात्र बेंगळुरूत इतकं जुनं की कोण आलं, कशासाठी आलं, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. अक्कांना विचारलं तर म्हणायच्या, "आम्ही कुठं आलो? आम्ही इथंच होतो. गाव आमच्याभोवती आलं." घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, देवासमोर दोन्ही. शाळा कन्नडमधली, म्हणून मराठी फर्डं बोलणाऱ्या अक्कांना मराठीचं अक्षरही वाचता यायचं नाही. माझी वही पाहून म्हणायच्या, "तुझं लिहिणं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे गं. वर दोरी, खाली सगळं लोंबतंय." मला त्यांची कन्नड अक्षरं म्हणजे कढईत सोडलेली कडबोळी वाटायची. अशा आम्ही दोघी एका घरात दोन बाजूंनी अडाणी.

प्रबंध या अक्कांच्याच बोलण्यावर होता. तसं त्याचं नाव लांबलचक होतं, एका दमात म्हणताना मार्गदर्शक बाईंनाही मध्ये पाणी लागायचं. पण मथितार्थ एवढाच की बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरांत रोज कसं बोलतात. त्यासाठी मी चिठ्ठ्या करायचे. हाताच्या पंजाएवढा जाड कागद, वर नंबर, मध्ये ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, खाली कोण, कुठे, केव्हा. मागची बाजू कोरी. कागदाचं पॅड डाळीच्या डब्यावर, पेन्सिल केसांत. अक्का भेंडी चिरताना काही म्हणाल्या की मी पाठमोरी होऊन उतरवून घ्यायचे, चोरासारखी. त्यांना वाटायचं मी सामानाची यादी करते. एवढ्या याद्या करूनही घरात साखर कशी नसते, याचं त्यांना नवल.

लिहायला वेगळी वेळ नव्हती. माझी वेळ कुकरच्या शिट्ट्यांत मोजली जायची. भाताला तीन शिट्ट्या, म्हणजे एक परिच्छेद. तुरीच्या डाळीला पाच, म्हणजे परिच्छेद आणि तळटीप. राजमा लावला तर अख्खं प्रकरण निघायचं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी निव्वळ राजम्यावर काढलंय. आठवड्यातून चारदा राजमा खाऊन सुधीर पाचवं वाक्य बोलायच्या बेतात आला होता.

दुपारी मुक्ता झोपली की मी ओट्याच्या टोकाला स्टूल ओढायचे. एका हाताशी वही, दुसऱ्या हाताशी चाळणीत भिजवलेले अवरेचे दाणे. इथे मार्गशीर्ष-पौषात या शेंगा बाजारात येतात आणि सबंध शहर त्यांच्यामागे वेडं होतं. शेंगांवर एक तेलकट, गवताळ, हिरवा वास असतो, त्याला सोगडु म्हणतात. तो बोटांना लागला की तीन साबण झिजतात, वास झिजत नाही. भिजवलेला दाणा चिमटीत धरून दाबायचा, सालातून आतली डाळ टुपकन बाहेर उडते. मी वाचत वाचत दाबायचे. माझे दाणे भलतीकडे उडायचे. एकदा एक दाणा खिडकीतून निघून समोरच्या घरातल्या माणसाच्या कॉफीत पडला, तो देवाला हात जोडून प्यायला. अक्कांचे दाणे मात्र निमूट वाडग्यात पडायचे. त्या ऐकत असायच्या, मी काय पुटपुटते ते. आणि कुकरही ऐकायच्या. ओंदु, एरडु, मूरु. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद झालेला असायचा. कुणी केला, याचा विचार मी कधी केला नाही. तो आपोआप बंद होतो अशीच माझी समजूत असावी.

बाग चादरीएवढी. तिच्यात एकशे अकरा झाडं कशी, हे मला विचारू नका, मी मोजलीत. डालडाच्या डब्यात मिरच्या, फुटक्या वॉशबेसिनात पुदिना, मुक्ताच्या जुन्या टबात अळू. अवरेची वेल तर कुंपणावरून टेलिफोनच्या तारेवर चढून पलीकडच्या क्रॉसपर्यंत गेली होती. राँग नंबर लागला की मी तिलाच दोष द्यायचे. पाणी घालायचं, माती भुसभुशीत करायची, गोगलगायी वेचायच्या, हे सगळं सहाच्या आधी. कारण सहाला दूध, सातला डबे, आठला मुक्ताचं रडगाणं, नऊला माझं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाज्यांची सालं खड्ड्यात, जुनं लुगडं टोमॅटोच्या दोऱ्यांना. घरात सगळ्यांत जास्त ऐकू येणारा शब्द होता 'बिसाडबेड'. टाकू नको. अक्का तो मला म्हणायच्या, मुलाला म्हणायच्या, वाऱ्याने पानं गळाली तर वाऱ्याला म्हणायच्या.

आज वाटतं, मी त्या दिवसांत दमलेली होते, पण दमणं कसं असतं ते मला माहीत नव्हतं. दमणं म्हणजे आत्ताचं हे. काही न करता आलेलं.

बियांच्या बाबतीत अक्कांचा कायदा कडक होता. बी विकत घ्यायचं नाही, शेजारून मागून आणायचं. आपल्याकडचं कुणी मागायच्या आत द्यायचं. आणि दिलेलं बी काही झालं तरी परत मागायचं नाही. परत मागितलं की त्या घरची वेल नुसती पानं देते. दर वर्षी आषाढ लागायच्या सुमाराला अक्का अवरे, दोडका, पडवळ, भोपळा यांचं वाळवून ठेवलेलं बी काढायच्या, कागदाच्या पुड्या बांधायच्या आणि क्रॉसमधल्या घराघरांत देऊन यायच्या. ही त्यांची वारसाहक्काची पोस्टमनकी.

त्या वर्षी माझं प्रबंधाचं गाडं शेवटच्या चढावर होतं. दोनदा मुदत वाढवून घेतली होती. येत्या सोमवारी मूळ चिठ्ठ्यांसकट प्रबंध द्यायचा, नाहीतर नाव रद्द, पाच वर्षं पाण्यात. पहिल्या चाळीस चिठ्ठ्या टंकून फाइलला लावल्या होत्या. एक्केचाळीस ते एकशे चार या चौसष्ट मी बुधवारी तपासल्या, प्रत्येकीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी लाल रेघ मारली आणि पापडाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. डबा ओट्याखाली. ओट्याखाली बियांची सुपंही.

गुरुवारी मुक्ताला डोस द्यायला घेऊन गेले होते. परत आले तर अक्का पायरीवर पदराने वारा घेत बसलेल्या, चेहऱ्यावर काम उरकल्याचं सुख.

"वाटून आले गं पुड्या," त्या म्हणाल्या. "या वर्षी कागद छान होता. जाड."

मी आत जाऊन डबा उघडला. आत दोन दोडक्याच्या बिया होत्या.

माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. सुधीरच्या मते आमच्या लग्नानंतरचा तो एकमेव प्रसंग. मी येऊन अक्कांच्या शेजारी पायरीवर बसले.

"अक्का, त्या चिठ्ठ्या माझ्या होत्या."

"लाल रेघ मारलेली होती की त्यांच्यावर."

"तपासून झाल्या म्हणून मारली होती."

"आमच्या शाळेत चुकलेल्याला मारायचे लाल रेघ," अक्का म्हणाल्या. "मला वाटलं, सगळंच चुकलं पोरीचं. एवढं चुकलेलं डोळ्यांसमोर कशाला ठेवायचं."

मी त्यांना सोमवारचं सांगितलं. नाही दिलं तर काय, त्यांनी विचारलं. नाव काढून टाकतील, मी म्हटलं. कुणाचं? माझं. मी म्हटलं, चला, जाऊन पुड्या परत मागून आणू. त्यावर त्यांनी मान हलवली. जगबुडी आली तरी दिलेलं बी परत मागता येत नाही. आमच्या त्या पायरीवर माझी पाच वर्षं आणि अक्कांचा कायदा असे दोघं आमनेसामने बसलेले, आणि मधे मुक्ता माझी चप्पल चावतेय.

मग अक्का उठल्या. रद्दी आदल्या दिवशीच गेली होती, म्हणूनच तर हा अनर्थ. त्यांनी टेबलावरचं त्या दिवशीचं वर्तमानपत्र उचललं आणि विळीवर त्याचे चौकोन कापायला सुरुवात केली. सुधीर म्हणाला, "मी अजून वाचलं नव्हतं." त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"बी तिथंच राहील," अक्का म्हणाल्या. "कागद तेवढा घेऊन येऊ."

अशी आमची वरात निघाली. पुढे अक्का, मागे कडेवर मुक्ता घेतलेली मी, हातात वर्तमानपत्राच्या चौकोनांची पिशवी. एकोणीस घरं. प्रत्येक घरात आधी बसायचं, मग कॉफी, मग प्रकृती, मग पुडी. पुडीतलं बी नव्या कागदात ओतायचं, माझा कागद झटकून घ्यायचा. एकोणीस घरांत मी सत्तावीस पेले कॉफी प्यायले. पुढचे तीन दिवस माझे डोळे मिटले नाहीत. झोपले, पण उघड्या डोळ्यांनी, मुक्ता त्यात स्वतःचं तोंड बघून हसायची.

कोपऱ्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी आयुष्यभर हिंदी शिकवलेली. त्यांनी तीन चिठ्ठ्या आधीच पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवल्या होत्या आणि दहापैकी चार गुण दिले होते. त्यांच्या पलीकडच्या घरात आजीबाईंना अक्षरं संस्कृत वाटली, म्हणून त्यांनी बी परसात पेरून कागद देवघरात लावला होता, वर हळदकुंकू. मी वाचलं, त्रेपन्न नंबर: 'फडताळामागं उंदीर मेलाय वाटतं, वास सुटलाय.' आजींनी मोठ्या भक्तीने तो मला परत दिला, आणि वर म्हणाल्या की सकाळपासून घरात शांत वाटतंय.

या घरातून बाहेर पडलो तेव्हा अक्का थांबल्या. "एवढं काय लिहिलंय त्याच्यात? एक वाच बघू."

मी हाताला लागली ती वाचली. "चौऱ्याहत्तर. 'कढीपत्त्याला शिव्या दिल्या की तो जास्त फुटतो. सुनेवर करून बघितलं, नाही जमलं.' अक्का. बाग, सकाळ."

अक्कांनी शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीला हात टेकला.

"हे मी म्हटलं?"

"हो."

"आणि हे तू कॉलेजात देणार?"

"हो."

"सगळं माझंच आहे?"

"दोन सुधीरची आहेत. बाकी तुमचंच."

रस्त्यावरून एक केळीवाला गेला. अक्का त्याच्या गाडीकडे बघत होत्या, पण केळी दिसत नसावीत. "आय्यो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे मी माझंच बोलणं वाटून आले की."

मग त्या जोरात चालायला लागल्या. पुढच्या घरी त्यांनी 'हिचा कागद' मागितला नाही. 'माझा कागद' म्हणाल्या. आणि प्रत्येक चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेऊन तिथल्या तिथे भांडण काढलं. मी असं म्हटलंच नव्हतं. मी 'मेला' म्हटलं असेल, 'मेलाय' नाही. हे त्या दिवशी मला ताप होता म्हणून, हे कशाला घेतलंस. शेवटून दुसऱ्या घरापर्यंत त्यांनी माझा अर्धा प्रबंध संपादित केला होता.

सगळ्यांत शेवटी शेजारच्या गौरम्मा. त्यांच्याकडे न्हाणीत लाकडाचा बंब, रोज कागदाने पेटवायच्या. अक्का म्हणाल्या की गौरम्मांना चार पुड्या दिल्या. गौरम्मा म्हणाल्या, तीन. मी बंबाच्या तोंडाशी बसून राख हाताने चाळली. काही नव्हतं.

घरी येऊन आम्ही जमिनीवर चिठ्ठ्या मांडल्या. हळदीचे, मातीचे, कुंकवाचे डाग, चारही घड्या ठसठशीत. त्रेसष्ट. सत्त्याऐंशी नव्हती.

तिच्यात काय होतं ते मला आठवेना. अक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, "बोलायचं काम माझं. लक्षात ठेवायचं काम तुझं."

सोमवारी प्रबंध दिला. मागे एक तळटीप टाकली, 'चिठ्ठी क्र. ८७ उपलब्ध नाही.' पाच वर्षांत मी लिहिलेलं ते सगळ्यांत छोटं वाक्य, आणि त्याला मला सगळ्यांत जास्त शिट्ट्या लागल्या. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं उलटली, मग एक पान नाकाशी धरलं आणि विचारलं की हे हिंग कुठल्या दुकानातलं. पदवी मिळाली, चिठ्ठ्या परत आल्या. अक्कांनी क्रॉसमध्ये सांगितलं, 'मी पास झाले.'

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. एका कॉलेजात काही वर्षं शिकवलं, मग सोडलं. मुक्ताची शाळा, कुणाकुणाची दुखणी, येलहंक्याचा फ्लॅट. अक्का मात्र हे घर सोडून आल्या नाहीत. रविवारी आम्ही जायचो. मी ओट्याशी उभी राहिले की त्या खुर्चीतून विचारायच्या, पुस्तक झालं का. होतंय, मी म्हणायचे. शेवटच्या वर्षात त्यांना माझं नाव आठवायचं नाही, मुक्ताचं नाही, पण पुस्तक झालं का, हे आठवायचं. होतंय, अक्का. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. मग विचारणारं कुणी राहिलं नाही. आणि विचारणारं नसलं की खोटं बोलायचाही कंटाळा येतो.

आता माझ्या नवव्या मजल्यावर चार कुंड्या आहेत. तुळस, कोरफड आणि दोन रिकाम्या. रोजचं जेवण दोन माणसांचं, दीड शिट्टीत होतं. तेवढ्यात एक ओळसुद्धा मावत नाही.

गौरम्मांशी मात्र मी मनातल्या मनात पंचवीस वर्षं वैर धरलं. वरवर हळदीकुंकू, सणाला होळिगे म्हणजे पुरणपोळी, सगळं चालू. पण त्यांच्या बंबातून धूर निघाला की मला वाटायचं, चालली माझी सत्त्याऐंशी.

तर आज माळा. स्टुलावर चढले, गुडघ्यांनी निषेध नोंदवला. तीन डबे रिकामे. चौथा दूध-पावडरीचा, गंजलेला, झाकण चमच्याने उचकटावं लागलं. आत अक्कांचा एका काचेचा चष्मा, मुक्ताची पिवळी रिबीन, एक तुटका अडकित्ता. आणि तळाशी एक पुडी.

स्टुलावरून उतरले ते सरळ जमिनीवरच बसले.

पुडीच्या वरच्या अंगाला कन्नड अक्षरं होती, निळ्या शाईतली, अक्कांच्या हातची. बाकी पुड्यांच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी कन्नड बोलते बऱ्यापैकी, पण वाचणं बसच्या पाट्यांपुरतं. जयनगर, मॅजेस्टिक, येलहंका. मी एकेक कडबोळं सोडवत गेले. सो. से. सोसे, म्हणजे सून. पुढचा शब्द दोनदा चुकला. बरेदद्दु. लिहिलेलं. सुनेनं लिहिलेलं.

खाली आणखी एक शब्द होता. तो वाचावा लागला नाही, आकारावरूनच ऐकू आला. बिसाडबेड.

पिशवी शेजारीच होती, मी टाकायला आणलेली.

ती पुडी केव्हा सापडली असेल त्यांना? स्वतःच्या बागेसाठी एक बाजूला ठेवली आणि विसरल्या? नंतर हाती लागली तेव्हा सांगायची लाज वाटली? काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, आणि कुणाकडून वाचूनही घेतलं नसणार. दोरीवरचे कपडे, तसेच घडी घालून ठेवले. माझ्या हातचे म्हणून.

पुडी उलगडली. आतल्या अवरेच्या बियांना भोकं पडून पीठ झालेलं, पाच-सहा तेवढ्या अखंड. त्या तळहातावर घेतल्या आणि कागद उजेडाकडे धरला. तिरकी लाल रेघ. तिच्याखाली माझं तरुण, घाईचं अक्षर:

'८७. "तिसरी शिट्टी मी बघते, तू लिही." अक्का. स्वयंपाकघर, दुपार.'

आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात, माझी विद्वत्ता: 'बघणे, येथे लक्ष ठेवणे या अर्थी. पुन्हा तपासणे.'

पुन्हा तपासलं होतं मी. रेघही मारली होती.

मग मागच्या दाराने बागेत गेले. बाग म्हणजे आता विटांचे तुकडे आणि एक वाळका कढीपत्ता. नळाखालची माती तेवढी ओली होती. त्या पाच-सहा बिया तिथे बोटाने दाबल्या. पंधरा दिवसांत इथे बुलडोझर येणार हे मला माहीत आहे. पण कायदा कायदा असतो. बी तिथंच राहील. कागद तेवढा माझा.

भिंतीपलीकडून गौरम्मांचा आवाज आला, कोण आहे म्हणून. ऐंशी वर्षांच्या झाल्यात, भिंतीवरून वाकून बघायला त्यांना आता पायाखाली डबा लागतो. मी म्हटलं, गौरम्मा, ती चिठ्ठी सापडली, तुमच्याकडे नव्हतीच.

"कुठली चिठ्ठी?" त्या म्हणाल्या. माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहून पुढे म्हणाल्या, "किती दमलीस गं. स्वल्प बस. भात लावलाय, झाला की दोन घास खाऊन जा."

मी बसले. मागच्या दाराच्या पायरीवर, भिंतीला टेकून. पिशवीतून एक नंबरची चिठ्ठी काढली. तिची पाठ पंचवीस वर्षं कोरी आहे. पर्समध्ये पेन होतं, किराण्याच्या यादीचं. गुडघ्यावर पिशवी, पिशवीवर चिठ्ठी.

शेजारी पहिली शिट्टी झाली. मी लिहिलं, जयनगरच्या या घरात आम्ही चार माणसं, एकशे अकरा झाडं. दुसरी झाली. पुढच्या दाराची कडी वाजली, बिल्डरचा माणूस आला असावा, चार वाजले असावेत. मग तिसरी झाली.

मी उठले नाही.